पिसोरीची उचकी आणि मानाचा फेर

एका जंगलात झाडं कमी आणि ज्येष्ठ फार झाले होते.

मांडी घाला, बाळांनो. ज्येष्ठ म्हणजे काय ते आधी समजून घ्या. झाड जुनं झालं की सावली देतं. ज्येष्ठ जुना झाला की सल्ला देतो. सावलीचा उपयोग होतो.

तर त्या जंगलाच्या कडेला एक खोल दरी होती. दरीपलीकडे दुसरं जंगल. मधली नदी इतकी गर्जायची की इकडची हाक तिकडे पोचायची नाही. म्हणून निरोप ठोकून पाठवायचे. दरीच्या काठावर सागाचं एक वाळकं, पोकळ खोड उभं होतं. त्यावर सुतार पक्षी बसायचा. त्याला दोनच गोष्टी येत. ठोका देणं आणि ठोका न देणं. ठक, नाहीतर गप्प.

तुम्ही म्हणाल, दोन गोष्टींत काय डोंबल बोलणार? सगळं बोलता येतं. ठक आणि गप्प यांचे आठ-आठचे झुबके करायचे. एकेका झुबक्याला एकेक आवाज नेमून द्यायचा. हा झुबका आला की कावळ्याची काव. तो आला की बोक्याची गुरगुर. कुठला झुबका म्हणजे कुठला आवाज हे ज्यात मांडलंय, तो तक्ता. ठोकणाऱ्याकडे आणि ऐकणाऱ्याकडे एकच तक्ता असला की झालं.

सोपं आहे ना? तुम्हाला लगेच कळलं. म्हणूनच ज्येष्ठांना कळलं नाही.

पहिला तक्ता समुद्रापलीकडून आलेल्या पोपटांनी केला. त्यात पोपटांचे सगळे आवाज होते. शीळ होती, किंचाळी होती, पेरू हवाय अशी ओरड होती, पेरू नकोय अशीसुद्धा होती. उरलेला अर्धा तक्ता त्यांनी रिकामा सोडला. बाकीच्या जगालाही घसा असतो, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

पोपट उडून गेले. रिकाम्या अर्ध्यात ज्येष्ठ घुसले.

गवा आबासाहेबांनी आपला तक्ता केला. त्यात गव्यांचे फुत्कार भरले. प्राचार्य घुबडांनी आपला वेगळा केला. त्यात घूत्कार भरले. वानर तात्यांनी तिसरा केला. त्यात वानरांचे हुप्प भरले आणि जागा उरली म्हणून खाजवण्याचे आवाजही भरले. आता तोच झुबका आबासाहेबांकडे फुत्कार, प्राचार्यांकडे घूत्कार आणि तात्यांकडे पाठ खाजवणं.

एवढ्यावर थांबले असते तर ते ज्येष्ठ कसले. त्यांनी एक प्रथा काढली. मानाचा फेर.

निरोप आधी आबासाहेबांनी आपल्या तक्त्याने ठोक्यांत बदलायचा. मग ते ठोके प्राचार्यांकडे जायचे. प्राचार्य म्हणायचे, "माझा हात लागला नाही, म्हणजे हे अजून बदललेलंच नाही." ते त्या ठोक्यांनाच हाक समजून पुन्हा ठोक्यांत बदलायचे. मग तात्या त्या ठोक्यांच्या ठोक्यांचे ठोके करायचे. शिजलेला भात पुन्हा शिजवायचा, वाळवून दळायचा, त्याची भाकरी थापायची, आणि पलीकडच्याला म्हणायचं, घे बाबा, हा घे भात.

निरोप फुगायचा. ज्येष्ठांना बरं वाटायचं. लांब झाला म्हणजे वजनदार झाला, असा त्यांचा समज. त्यांची भाषणंही तशीच असायची.

या जंगलात गोदा नावाची एक पिसोरी राहायची. पिसोरी म्हणजे सशाएवढं हरीण. शिंगं नाहीत, जोर नाही, ओळख नाही. पिसोरी पळून जगत नाही, गप्प बसून जगते. बिबट्या आला की पाचोळ्यात दबायचं आणि आपण पाचोळाच आहोत असं मनापासून मानायचं. बिबट्याला शेजारून जाऊ द्यायचं. की संपलं.

गोदाच्या लेकीला, बिटकीला, उचकी लागली.

"उच्क!"

हसू नका. पाचोळ्याला उचकी लागत नाही. बिबट्यालाही हे माहीत होतं.

गोदाने सकाळी जागा बदलली. "उच्क!" दुपारी करवंदीच्या जाळीत नेलं. "उच्क!" बिबट्या लांबवर बसून ऐकत होता. त्याला घाई नव्हती. उचकी झाली की त्याच्या शेपटीचं टोक हलायचं आणि तो दोन पावलं जवळ सरकायचा. दात कोरण्यासाठी त्याने काडीसुद्धा निवडून ठेवली होती.

गोदा लेकीला तोंडात धरून ज्येष्ठांच्या वडाखाली धावली. तिथे ज्येष्ठांसमोर शिकार करायची हिंमत बिबट्या करत नसे. आबासाहेब रवंथ करत होते. प्राचार्य दिवस असल्यामुळे झोपेतच अध्यक्षपद भूषवत होते. तात्या कुणाचं तरी डोकं विंचरून खात होते.

"आबासाहेब, पोरीला उचकी लागलीय," गोदा म्हणाली.

"अगं, कुणीतरी आठवण काढत असेल," आबासाहेब म्हणाले.

"काढतोयच ना! बिबट्या काढतोय!"

"हे बघ गोदे," तात्या म्हणाले, "आमच्या काळी आम्हीही उचक्या दिल्या. पण त्याला एक शिस्त होती."

"पलीकडच्या जंगलात भिवराबाई आहे ना, अस्वलीण. ती औषधं जाणते. तिला एवढं विचारा, 'मी गोदा पिसोरी. लेकीला उचकी लागलीय. उपाय सांगा.' बस. लहानसा निरोप आहे."

"लहान?" प्राचार्य एक डोळा उघडून म्हणाले. "लहान कसा ते आम्ही ठरवू."

आबासाहेबांनी तक्ता काढला. पहिल्याच शब्दाला अडले.

"पिसोरीचा आवाज तक्त्यात नाही," ते म्हणाले.

"पण मी बोलतेय ना आत्ता."

"बोलत असशील. तक्त्यात नाही."

"मग माझ्या नावाचं काय करणार?"

"जो आवाज तक्त्यात नाही, त्याच्या जागी 'हँ?' टाकायचं. नियम आहे."

"उचकीचा तरी आवाज आहे का?"

"उचकी हा असंस्कृत आवाज आहे. हँ?"

"आणि 'लेकीला'?"

"ते तुझ्या आवाजात म्हणालीस. हँ? हँ?"

असा 'हँ'चा निरोप मानाच्या फेरात गेला. आबासाहेबांकडून प्राचार्यांकडे, प्राचार्यांकडून तात्यांकडे. तिन्ही हात लागून बाहेर पडला तेव्हा तो इतका फुगला होता की सुताराने बघून चोच मिटली.

"काका, हे ठोकायचं तरी काय आहे?" त्याने विचारलं.

"तू ठोक," तात्या म्हणाले. "डोकं वापरू नकोस."

"ठोकायला डोकंच वापरतो हो मी."

पण ठोकलं बिचाऱ्याने. दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून ठोकत होता, ते सावल्या लांबल्या तरी ठोकत होता. गोदा वडाच्या मुळाशी लेकीला पोटाखाली घेऊन बसून राहिली. बिटकी उचकी द्यायची, आणि झुडपाआड शेपटीचं टोक हलायचं.

मग पलीकडून उत्तर आलं. छोटंसं. थोडे झुबके ठक-गप्प-ठक, आणि संपलं.

"एवढंच?" तात्यांना राग आला. "आम्ही एवढं मोठं पाठवलं, आणि ही एवढंच पाठवते? संस्कारच नाहीत."

तिघांनी ते आपापल्या तक्त्यांनी उलगडलं. एकाच्या उलगडलेल्यातून दुसऱ्याने, दुसऱ्याच्यातून तिसऱ्याने. शेवटी आबासाहेबांनी उभं राहून वाचून दाखवलं.

"हँ? हँ? अर्धा बेडूक. हँ? म्हशीचा फुत्कार. हँ? हँ? हँ?"

तिघांनी माना डोलावल्या.

"गहन आहे," प्राचार्य म्हणाले.

"फार गहन," तात्या म्हणाले.

"अर्धा बेडूक म्हणजे?" दामोदर बेडकाने डबक्यातून विचारलं. तो मघापासून ऐकत होता आणि त्याला हे लक्षण बरं दिसत नव्हतं.

"उपाय आहे तो," आबासाहेब म्हणाले. "अर्धा बेडूक लागेल."

"कुठला अर्धा?"

"त्यासाठी उपसमिती नेमू."

"नेमा, खुशाल नेमा! मी पोहतो मागच्या अर्ध्याने आणि लग्न जमवतो पुढच्या अर्ध्याने. मला दोन्ही लागतात!" असं म्हणून दामोदरने बुडी मारली. तो पुढे बरेच दिवस वर आला नाही. जंगलात शहाणपणाने वागलेला एवढा एकच सदस्य, आणि तो पाण्याखाली.

गोदाचा धीर सुटला.

"आबासाहेब, मला काही ते गहन वाटत नाही. मला वाटतं, तुमचा तक्ता वेगळा आणि तिचा वेगळा. तिला एवढंच विचारा ना, बाई, तू कुठल्या तक्त्याने ठोकतेस?"

असं बोलू नये, बाळांनो. ज्येष्ठांसमोर कधीही असं बोलू नये. आबासाहेबांचा रवंथ थांबला. प्राचार्यांनी दुसराही डोळा उघडला, दिवसाउजेडी.

"विचारायचं?" प्राचार्य म्हणाले. "आम्ही? तिला?"

"त्यात काय झालं?"

"विचारलं म्हणजे आम्हाला कळलं नाही असा अर्थ होईल."

"पण कळलं नाहीच की तुम्हाला!"

"कळलं नाही हे वेगळं," तात्या म्हणाले, "आणि तसा अर्थ होणं वेगळं. तू अजून लहान आहेस."

"मी लहान नाही, तात्या. माझं अंग लहान आहे."

"बस खाली," आबासाहेब म्हणाले. "उलट बोलायला तेवढा आवाज आहे तुला. तक्त्यात येण्याइतका नाही."

मग तिघांनी डोकी एकत्र आणली. अर्धा बेडूक पाण्याखाली गेल्यामुळे तो प्रतीक आहे असं ठरलं. म्हशीचा फुत्कार भाषांतराचा दोष ठरला. उरलं काय? 'हँ?' उत्तरात सर्वांत जास्त वेळा तेच आलं होतं. जे जास्त वेळा येतं ते खरं असतं, हा त्यांचा जुनाच सिद्धांत. त्याच सिद्धांतावर ते निवडून आले होते.

दवंडी पिटली गेली. पिसोरीच्या लेकीची उचकी थांबावी म्हणून जंगलातल्या प्रत्येक प्राण्याने, पक्ष्याने आणि सरपटणाऱ्याने उजाडताच 'हँ?' म्हणायला लागावं. थांबू नये. न म्हणेल तो जंगलद्रोही.

आणि मग काय मजा झाली म्हणून सांगू!

मोरांनी पिसारा फुलवून 'हँ?' केलं. रानडुकरांनी चिखलातून 'हँ?' केलं. सापांना जमेना, त्यांनी 'ह्स्स?' केलं आणि सवलत मागितली. माकडांनी झोके घेत केलं. टिटवीने उडता उडता केलं आणि झाडावर आपटली. दोन साळिंदरं एकमेकांना 'हँ?' 'हँ?' करत सुटली, आणि प्रत्येकाला वाटलं समोरचाच बहिरा आहे. त्यांची मारामारी झाली. तरस हसतच होता, त्याने आपल्याच हसण्यात 'हँ?' मिसळलं. अख्खं जंगल हँ-हँ-हँ-हँ करत हादरायला लागलं. आंबे गळून पडले. पिकलेले नव्हते, तरी पडले.

बिबट्या झुडपाआड बसला होता. त्याने कान टवकारले. हँ? त्याने कान फिरवले. हँ? त्याला उचकी ऐकायची होती. त्याला फक्त हँ ऐकू येत होतं. तो कानांनी शिकार करणारा प्राणी होता, आणि त्याच्या कानांत अख्खी लोकशाही ओरडत होती.

तो तावातावाने वडाखाली आला.

"हे काय चाललंय?"

"हँ?" आबासाहेब म्हणाले.

"मला काही ऐकू येत नाही!"

"हँ?" तात्या म्हणाले.

"मी उपाशी आहे! माझी तक्रार आहे!"

तक्रार म्हटल्यावर प्राचार्य जागे झाले. तक्रार हा शब्द झोपेतही त्यांना ऐकू यायचा. "तक्रार अशी तोंडी चालणार नाही. ठोक्यांत द्या. मानाच्या फेरातून जाईल."

"बरं. कुठे द्यायची?"

"इथे बसा. आधी तुमची गुरगुर तक्त्यात आहे का, ते बघावं लागेल."

बिबट्या बसला. ज्याच्या एका पंजाने तिघांचीही शेपटं साफ झाली असती, तो ओळीत बसला. कारण त्यालाही लहानपणी कुणीतरी शिकवलं होतं की मोठ्यांनी बस म्हटलं की बसायचं. त्याची तक्रार आबासाहेबांकडे गेली. तिथून प्राचार्यांकडे. माझ्या माहितीप्रमाणे ती अजून तात्यांकडे आहे.

गोदाने हे मुळांच्या आडून पाहिलं. लेकीला तोंडात धरलं आणि धूम ठोकली.

या दरीची वाट तिला आधीही माहीत होती. पण उतार उघडा होता, आणि उघड्यावर उचकी म्हणजे बिबट्याला आवतण. आता बिटकी उचक्या देत होती आणि त्या हँच्या पुरात बुडत होत्या. गोदा कातळावरून घसरत खाली आली. नदीत शिरली. पिसोरीला पोहता येतं, हे तक्त्यात नव्हतं, तरीही येतं. लेकीचं तोंड पाण्यावर धरून ती पलीकडे लागली, आणि धापा टाकत भिवराबाईच्या गुहेसमोर आडवी झाली.

भिवराबाई मधाचं पोळं चाटत बसली होती.

"अगं बाई, कोण तू?"

"मी गोदा. मावशी, आम्ही तुला निरोप पाठवला होता. तू उपाय कळवलास, पण तो आम्हाला..."

"उपाय? मी कुठला उपाय कळवला?"

"मग काय कळवलंस?"

"ते होय? दिवसभर तुमच्याकडून नुसती खडखड आली. माझ्या भिंतीवरचं पोळं पडलं. मी म्हणाले, 'काही कळलं नाही. कुठल्या तक्त्यात ठोकताय?' एवढंच."

गोदाला हसू फुटलं. आधी बारीक, मग मोठं, मग आवरेचना. ती पाय झाडत हसली. अख्खं जंगल ज्याच्यासाठी घसा फोडत होतं, दामोदर ज्याच्यापायी पाण्याखाली राहत होता, तो गहन उपाय म्हणजे एक प्रश्न होता. तिनेच विचारायला सांगितलेला प्रश्न.

"उच्क!" बिटकी म्हणाली.

"एवढंच होय?" भिवराबाई म्हणाली. "नाक धर तिचं. आता पाणी पाज. हळू. अजून. सोड नाक."

दोघी वाट बघत राहिल्या. बिटकीही वाट बघत राहिली. उचकी आली नाही.

गोदाने लेकीला चाटून कोरडं केलं. ती तिथेच बसली.

"मावशी, तुमचा तक्ता बघू?"

भिवराबाईने गुहेची भिंत दाखवली. ती भिंत संपतच नव्हती. "हा सामायिक तक्ता. सगळ्या जंगलांचा मिळून. ज्याला म्हणून आवाज आहे, त्याला यात एक आकडा आहे. कुणाचा आकडा कुणाला नाही. मोठ्या आकड्यांना दोन-तीन झुबके लागतात, इतकंच. तुमच्याकडेही पाठवला होता की."

"आला होता," गोदा म्हणाली. "आबासाहेबांनी परत पाठवला. म्हणाले, ज्या तक्त्यात गांडूळ आहे त्यात आम्ही बसणार नाही."

"गांडूळ काही म्हणालं नाही बघ. तुमचे आबासाहेब आहेत म्हणून ते उठून गेलं नाही."

"यात उचकीही आहे?"

"उचकी आहे, जांभई आहे. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणाऱ्या खारीचं थोबाड आहे. ते कुणी घातलं कोण जाणे, पण सगळ्यात जास्त तेच वापरतात."

"आणि," गोदाने जरा थांबून विचारलं, "पिसोरी?"

भिवराबाईने नखाने भिंतीवर खालपर्यंत रेघ ओढत नेली आणि एका जागी नख टेकवलं. "ही बघ. तू कधी आली नव्हतीस. तरी जागा होती."

बिटकी पुढे झाली. तिने ती जागा हुंगली. जन्मल्यापासून तिला एकच धडा मिळाला होता. गप्प बस, दबून बस, पाचोळा हो. तिने आईकडे पाहिलं. मग मान वर केली, तोंड उघडलं, आणि ओरडली.

पिसोरी ओरडते कशी, हे तोवर कुणालाच माहीत नव्हतं. शिट्टी आणि गंजलेलं दार यांच्या मधला काहीतरी आवाज होता तो. भयंकर होता. वटवाघळं गुहेबाहेर पडली. तिने तो पुन्हा काढला. मग तिसऱ्यांदा, आणखी मोठ्याने, चारही पायांवर उड्या मारत.

"अगं, गप कर तिला!" भिवराबाई कान दाबत म्हणाली. "माझं उरलेलं पोळंही पडेल!"

"पडू दे, मावशी," गोदा म्हणाली. "ओरडू दे तिला."

तात्पर्य: समजलं नाही तर कधीही विचारू नये. विचारणारा फार तर पलीकडे पोचतो. न विचारणारा अध्यक्ष होतो. हे तात्पर्य ज्या बाळांना कळलं नसेल, त्यांनी जवळच्या एखाद्या ज्येष्ठाकडे जावं. त्यालाही कळलेलं नसेल, पण तो समजावून सांगेल.